पुसलेली तिफण

फोटो छापणाऱ्याने त्यात हात घालण्याआधी हे कशाचं चित्र आहे एवढं तरी विचारावं की नाही? माझा राग अजून गेलेला नाही.

बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आणि डॉक्टरांनी हात टेकले. उभा जन्म त्यांनी फुलसावंगीच्या शेतात जागल केली. मृगातले ओळीतले तीन तारे, त्यांच्या भाषेत तिफण, कुठवर आली ते पाहून वेळ सांगायचे. आता तारे दिसेनात. भर उन्हात मोठा फोटो डोळ्यांजवळ धरला तर दिसतील, असं माझ्या मनाने घेतलं.

कॅमेरा जुना, स्टँड नाही. सुरुवातीचे फोटो म्हणजे नुसता काळोख. मग तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रेतीचं पोतं ठेवून त्यावर कॅमेरा टेकवायला लागलो. फोकस दूरच्या टॉवरच्या दिव्यावर हातानेच लावायचा. बटण दाबताना धक्का बसतो, म्हणून टायमर. शटर वीस सेकंदांच्या वर उघडं राहिलं की तारे लांबट होतात, हेही चुकतमाकतच कळलं. अख्खा हिवाळा गेला तेव्हा कुठे तिफण ठसठशीत आली.

पुसदच्या स्टुडिओतून मोठा फोटो आणला तो गुंडाळलेलाच, न बघता. एवढी चूक माझी. अंगणात बाबांनी तो नाकाशी धरला.

“तिफण कुठं हाये रे?”

मी वाकून पाहिलं. खाली तुरीची रांग, वर काळंकुट्ट. औषधाला तारा नाही.

तसाच पुसदला परत गेलो. स्टुडिओवाला कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, “भाऊ, लय दाणे होते फोटोत. नवरीच्या तोंडावरच्या पुटकुळ्या काढतो ना, तसे एकएक पुसले. माहे दोन घंटे गेले.”

माझा हिवाळा त्याने दोन तासांत साफ केला होता. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली इतका मी बोललो. मग छपाईच्या मशीनपाशी उभा राहून, एका ठिपक्यालाही हात लावू न देता, मूळ फोटो पुन्हा छापून घेतला. या वेळी सगळे तारे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबांनी तो धरला. जवळ नेला, लांब नेला, उन्हात तिरपा केला. बराच वेळ.

“याच्यातही पुसली काय त्यानं?”

मी हो म्हणालो, आणि त्या बिचाऱ्या स्टुडिओवाल्याला बाबांना ऐकू जातील अशा आणखी चार शिव्या घातल्या.