शिवेवर सोपवलेला माग

माझ्या एम.फिल.च्या प्रबंधात पाच प्रकरणं होती. पदवी मिळाली ती चारांवर. पाचवं प्रकरण मीच माझ्या हातानं टायपिस्टच्या टेबलावरून उचलून पिशवीत घातलं आणि अनुक्रमणिकेचं पान नव्यानं टाइप करून घेतलं. त्याबद्दल माझं अभिनंदनही झालं.

नव्वदीची सुरुवात होती. मी मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होतो आणि जामबागेतल्या एका कॉलेजात इतिहासाचे तास घेत होतो. नेमणूक तात्पुरती होती. प्राचार्य दर महिन्याला पाठीवर हात ठेवून म्हणत, "एम.फिल. तेवढं उरकून घ्या हो. जागा तुमचीच आहे." त्या जागेसाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या शाळेत शिकलो, तिथल्या मास्तरांनी स्वतः पत्र लिहून मला हैदराबादेत वसतिगृह मिळवून दिलं. तेव्हापासून मी ज्याच्या त्याच्या उपकाराखाली होतो. उपकाराखाली वाढलेला माणूस नम्र असतो, असं लोकांना वाटतं. तो भित्राही असतो, हे मला उशिरा कळलं.

माझे मार्गदर्शक निवृत्तीला आलेले होते. त्यांना सगळे प्रोफेसरसाब म्हणत. फारसी त्यांच्या घरातच होती. स्पॅनिश मात्र ते शब्दकोश पुढ्यात घेऊन एकट्यानं शिकले होते. विषय त्यांनीच दिला. मध्ययुगात स्पेनमध्ये एका बाजूला ख्रिश्चनांचं कॅस्टील आणि दुसऱ्या बाजूला मुसलमानांचं ग्रनाडा, या दोन राज्यांच्या सीमेवर साधी माणसं कशी जगत, हा तो विषय. शहरात तेव्हा वरचेवर कर्फ्यू लागायचा. मी विचारलं, "सर, हाच विषय का?" ते म्हणाले, "मियाँ, लड़ाइयाँ सब पढ़ते. दो लड़ाइयों के बीच में लोगाँ क्या करते थे, वो कोई नै पढ़ता."

त्यांच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात मला तो रिवाज सापडला. सीमेवरच्या प्रत्येक गावाचे स्वतःचे माग काढणारे असत. पलीकडून कुणी येऊन मेंढ्या हाकून नेल्या, माणूस पळवला, की हे लोक पावलांचे ठसे पाहत आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत जात. तिथं पुढच्या गावाच्या माणसांना बोलावून साक्षीदारांसमोर तो माग त्यांच्या स्वाधीन करत. पुढचं गाव मुसलमानांचं असलं तरी. त्यांनी माग घेतला की यांची जबाबदारी संपली. आणि पुढच्या गावानं माग घ्यायचं नाकारलं, तर नुकसान त्या गावानं भरून द्यायचं.

मी वाचता वाचता थांबलो. हे मला पाठ होतं. माझे वडील गावचे जागल्या, म्हणजे राखणदार होते, आणि हेच सगळं मी लहानपणापासून चुलीपुढे ऐकत आलो होतो. बैलजोडी चोरीला गेली की वडील उजाडायच्या आत गोठ्यापाशी पोचत. चोराच्या पावलावर तुरीची काडी ठेवून मापाची मोडून घेत. त्यातलं चांगलं पाऊल वाऱ्यानं, जनावरानं मोडू नये म्हणून त्यावर टोपलं पालथं घालत. मग काडी हातात धरून शिवेपर्यंत. शिवेवर शेजारच्या गावच्या जागल्याला हाक मारायची, तो आला की काडी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "हा घे तुझा माग." त्यानं नाही म्हटलं तर बैल त्याच्या गावानं द्यायचे. पुढे पोलीस ठाणी झाली, डांबरी रस्ते आले, डांबरावर पाऊल उठत नाही. वडिलांचं काम कागदावर राहिलं.

प्रोफेसरसाबना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "अरे मियाँ! ये पाँचवाँ बाब है तुम्हारा. बाकी चार तो कोई भी लिख लेगा. लिखो, और वालिद का हवाला दो. गवाह हैं वो."

मी प्रकरण लिहिलं, पण वडिलांचा हवाला दिला नाही. एका इंग्रज अधिकाऱ्याचा जुना अहवाल शोधला, त्यात या रिवाजाबद्दल चार ओळी होत्या, तोच तळटीपेत घातला. कारण कॉलेजच्या नोकरीच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'शेती' असं लिहिलं होतं. आमच्याकडे शेत नव्हतं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी वडील आले. मी बोलावलं नव्हतं. प्रोफेसरसाबनीच पत्र घातलं होतं. बसमधून उतरले तेव्हा धोतर धुतलेलं, डोक्याला पटका, आणि छातीवर निजामाच्या वेळचा पितळी बिल्ला लावलेला चामडी पट्टा. म्हणाले, "कचेरीत जायाचं म्हनल्यावर पट्टा लागतोच की."

संध्याकाळी आम्ही प्रोफेसरसाबच्या घरी गेलो. त्यांनी बिल्ला हातात घेऊन त्यावरची उर्दू वाचून दाखवली. गावाचं नाव आणि खाली 'चौकीदार', एवढंच होतं. वडिलांनी तो बिल्ला उभा जन्म घासून चकचकीत ठेवला होता, पण त्यावर काय लिहिलंय हे त्यांना त्या दिवशी कळलं. "एवढंच?" म्हणून ते हसले. "मला वाटलं, सरकारनं लई काई लिवलं असंल."

अंगणात नळाखाली ओल होती. वडील सवयीनं खाली बघत होते. जरा वेळानं म्हणाले, "साहेब, घरात एक बाई हायत. डाव्या पायावर भार देत न्हाईत. अन् आज दोनदा पानी भरलंय त्यांनी."

पडद्यामागून प्रोफेसरसाबच्या बेगमचा आवाज आला, "उई अल्ला! मेरा पाँव भी पकड़ लिए बड़े मियाँ! चालीस बरस हो गए, इनकू आज तक मालूम नै पड़ा कौनसा घुटना दुखता सो!"

प्रोफेसरसाब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या घरात तेव्हा माझ्या वडिलांइतका मोठा माणूस कुणी नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात हिशेब करत होतो, की उद्या यांना कुठं बसवायचं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात शिरायच्या आधी मी वडिलांना म्हटलं, "बापू, तो पट्टा काढून ठेवा. इथं लोक तसलं घालत नाहीत."

"काहून? चोरीचा हाय का?"

"नाही. बरं दिसत नाही."

त्यांनी पट्टा काढला, पटक्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळला आणि बंडीच्या खिशात घातला. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

आत परीक्षक, प्रोफेसरसाब, विभागातले दोघंतिघं आणि पाहुणे म्हणून आमचे प्राचार्य होते. परीक्षक बाहेरगावहून विमानानं आले होते. पहिली चार प्रकरणं त्यांनी भराभर उलटली. पाचव्यात एका पानावर त्यांची पेन्सिल थांबली.

"इथं तुम्ही म्हणता, कॅस्टीलचे माग काढणारे ठशावर टोपली पालथी घालत. हे कुठल्या साधनात आहे?"

मी पान पाहिलं. वडिलांचं टोपलं मी स्पेनमध्ये नेऊन ठेवलं होतं. मुद्दाम नव्हे. दोन वर्षं दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र चालत होत्या. लिहिताना कॅस्टीलच्या त्या माणसाला मी ओणवा झालेला पाहिला, तो मला वडिलांसारखाच दिसला आणि त्याच्या हातात मी टोपलं देऊन टाकलं. अशी चूक फक्त जागल्याच्या मुलाच्या हातूनच होऊ शकते.

"साधन सांगा," परीक्षक म्हणाले. "एक गोष्ट अशी हवेतली असेल, तर या प्रकरणातल्या बाकीच्यांवर मी विश्वास का ठेवायचा?"

सांगायचं सोपं होतं. सर, हे दख्खनचं आहे, चुकून त्या पानावर गेलं. ज्यानं हे आयुष्यभर केलं तो माणूस दाराबाहेर बसला आहे, त्याला विचारा. एवढ्या दोन वाक्यांत प्रकरण वाचलं असतं. प्रोफेसरसाब बोलायला लागलेही, "बात ये है, बाहर जो साहब तशरीफ़ रखे हैं, वो—"

समोर प्राचार्य बसले होते. त्यांच्या कपाटात माझा अर्ज होता, 'शेती' लिहिलेला.

मी घाईनं म्हणालो, "सर, माझीच चूक आहे. टिपणं मिसळली. साधन नाही."

प्रोफेसरसाबनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. परीक्षकांनी सांगितलं, की पाचवं प्रकरण काढलंत तर शिफारस करायला हरकत नाही. वर हसून म्हणाले, "तसंही, आता दिवस बदलताहेत. बाजार खुले होताहेत. खेड्यातल्या चौकीदारांचं कुणाला काय पडलंय?" प्रोफेसरसाब सोडून सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं माझ्या तोंडावर अजून कुठंतरी चिकटलेलं आहे.

बाहेर आलो तर वडील उभे राहिले. "घेतला का त्यांनी माग?"

"घेतला," मी म्हटलं.

प्रोफेसरसाब माझ्या मागेच होते. त्यांनी ते ऐकलं. वडिलांच्या छातीकडे पाहून त्यांनी विचारलं, "पट्टा कहाँ गया भाईसाब?"

"पोरगा म्हनला, आत चालत न्हाई."

ते वडिलांजवळ गेले. मग वडिलांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आप आए, बड़ा एहसान किए." मला काहीच म्हणाले नाहीत. त्यानंतरही ते माझ्याशी नेहमीसारखे वागले, चहा पाजला, पुस्तकं दिली. फक्त पाचव्या प्रकरणाची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. त्यांनी मला एकदा झाडलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी वडिलांना बेगम बाजारला जायचं होतं, आईसाठी पितळी पातेलं घ्यायला. भांड्यांच्या दुकानात त्यांनी पट्टा पुन्हा चढवला. बाजारात कोण अडवतो, म्हणाले. आणि त्यांच्या मोडक्या उर्दूत दुकानदाराला सांगितलं, "मेरे छोरे ने मेरा माग किताब में डाल्या. बडे साब लोगां ने लिया."

दुकानदाराला त्यातलं काय कळलं देव जाणे. पण बिल्ल्याकडे पाहून तो उठून उभा राहिला. "मुबारक हो बड़े मियाँ. ढक्कन मेरी तरफ़ से." पातेल्यावर बरोबर बसणारं झाकण त्यानं वर ठेवलं. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

गावी गेल्यावर त्यांनी हीच गोष्ट सगळ्यांना सांगितली. पुढे बारा वर्षं सांगत राहिले. मी सुट्टीत गेलो की पारावरचे म्हातारे विचारत, "तुझ्या बापाचा माग म्हनं इंग्रजी बुकात हाय?" मी मान हलवायचो. वडील गेले ते हेच खरं मानून गेले.

आणि ज्या जागेसाठी हे सगळं केलं, ती जूनमध्ये राहिलीच नाही. कॉलेजनं इतिहासाचा वर्ग बंद केला, खोलीत फरशी बसवली, एसी लावला आणि बारा कॉम्प्युटर मांडले. प्राचार्यांनी पाठीवर हात ठेवला. "तुम्ही हुशार आहात. कॉम्प्युटर शिकून घ्या." शिकलो नाही. दुसऱ्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रवेशाचे अर्ज भरून घ्यायच्या टेबलावर बसलो आणि तिथंच वर्षं गेली. तिथल्याही अर्जावर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. एकदा एका मुलीनं त्यात मोठ्या अक्षरांत 'वॉचमन' लिहिलं आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी उगाचच विचारलं, "रात्रपाळी असते का?" ती म्हणाली, "हौ सर. आप पहचानते क्या उनकू?" मी नाही म्हणालो.

पाचवं प्रकरण माझ्याकडे आहे. कार्बनची प्रत, कडा तपकिरी झालेल्या. टोपल्याचं ते वाक्य मी नंतर योग्य पानावर हलवलं, तळटीपेत वडिलांचं नाव, गाव, काम, सगळं लिहिलं. पण शिवेवर दुसरं कुणी उभंच नाही. काडी माझ्याच हातात राहिली, आणि माग जिथं थांबतो त्या गावानं भरायचं या रिवाजाप्रमाणे नुकसान माझ्या गावाकडे लागलं.

आई गेल्यावर पातेलं बहिणीनं नेलं. झाकण मी मागून घेतलं. बायको ते दुधावर ठेवते. कधीतरी म्हणते, "हे कशाला आणलंत हो? आपल्या एकाही भांड्याला बसत नाही."