बर्फातला माणूस आणि वहिनीची हाक

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत — बारावीला कॉपी केली ती, तिच्या भावाला मी मनातून काय म्हणतो ते — पण हे ठाऊक नाही. सात वर्षं झाली. दर मोहफुलांच्या हंगामात वाटतं, यंदा सांगून टाकू. मग मोह संपतो, तेंदूपत्ता सुरू होतो, पाऊस लागतो, आणि मी गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या माझ्या टीचभर दुकानात बसून लोकांच्या मोबाईलला नवी काच लावत राहतो. तुला लिहून सांगायचं म्हणून बसलोय खरा. पण आत्तासुद्धा मी इकडचं तिकडचं बोलतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तर एका खेळापासून सुरू करतो. हसू नकोस.

मोबाईलवरचा खेळ होता. एक माणूस बर्फाच्या जंगलात एकटाच अडकलेला. तो तिथे कसा आला, त्याचं नाव काय, काही सांगत नाहीत. त्याला जगवायचं, एवढंच आपलं काम. लाकडं गोळा करायची, विस्तव पेटवायचा, ओले मोजे वाळवायचे, लांडग्यांना चुकवायचं. कोपऱ्यात एक पट्टी असते — अंगातली ऊब. ती तांबडी व्हायला लागली की समजायचं, गडी चालला. आणि जीव एकच. मेला की खेळ सगळं पुसून टाकतो. पुन्हा पहिला दिवस. मी बर्फ कुठे पाहिला होता? लग्नात पाण्याच्या टाकीत लादी सोडतात, तेवढाच. पण भर एप्रिलात, मानेवरून घाम गळत असताना, मी त्या माणसासाठी स्वतःच्या तळहातांवर फुंकर घालायचो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. वनरक्षकाच्या भरतीत दोनदा बाद झालेला — एकदा लेखीत, एकदा धावण्यात. गोंदियातली भाड्याची खोली सोडून सालेकशाकडच्या आमच्या गावी परतलो होतो. घरात कोणी टोमणे मारत नव्हतं, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. वहिनी तर ताटात भात वाढताना रोज म्हणायची, "होईन जी भाऊजी, अवंदा नक्की होईन तुमचं." मी मान खाली घालून जेवायचो आणि उठलो की मोबाईल काढायचो. त्या माणसाला मी एकसष्ट दिवस जगवलं होतं. माझ्या हातून धड झालेली तेवढी एकच गोष्ट होती, असं मला वाटायचं. काय मोठेपणा! पण वाटायचं खरं.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. मी आठवीत असताना ती आमच्या घरी आली. मला टायफॉइड झाला तेव्हा आईच्या बरोबरीने तीच माझ्या उशाशी बसली होती. हे मी मुद्दाम सांगतोय. ती मला परकी नव्हती.

आता आमच्याकडची मोह वेचायची रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही. मोहाची फुलं रात्रभर गळतात. उजाडता उजाडता जाऊन वेचावी लागतात, कारण उशीर केला तर गुरं खातात, आणि गुरांच्या आधी अस्वलं. म्हणून वेचणारी झाडाखाली आणि घरातलं एक माणूस उंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हातात तेलाचा रिकामा पिपा. धुऱ्यावरच्याने अधूनमधून पिपा बडवायचा. वेचणारीने एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जाताना हाक द्यायची — कूऽऽ — आणि धुऱ्यावरून तशीच हाक परत यायची. नाव घ्यायचं नाही. जंगलात माणसाचं नाव मोठ्याने घेत नाहीत. उत्तर आलं की ती निर्धास्त पुढे सरकते.

आणि उत्तर आलं नाही तर? तर टोपली तिथेच ठेवून सरळ धुऱ्याकडे निघायचं. कारण मग धुऱ्यावरच्या माणसालाच काहीतरी झालंय. ही रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मलाही होती.

त्या दिवशी काय झालं, ते गावाला असं माहीत आहे: वहिनी हाक न देताच नाल्याच्या झुडपांत उतरली. तिथे पिल्लावाली अस्वलीण होती. मी धुऱ्यावरून पिपा बडवत, ओरडत धावत सुटलो, अस्वलीण पळाली. वहिनीचा डावा डोळा गेला, डोक्याची कातडी शिवावी लागली, डाव्या हाताची मूठ आजही पुरती मिटत नाही. पण जीव वाचला. दीर होता म्हणून वाचली, असं लोक म्हणाले. दोन पावसाळे माझं कौतुक चाललं. नागऱ्याच्या शंकराच्या देवळात आईने माझ्या नावाने अभिषेक केला. मी सोवळं नेसून बसलो आणि पिंडीवर पाणी घातलं. पाणी घालताना एकदा तरी थांबलो का? नाही. तेच तर.

आता खरं.

उजाडलं होतं. वहिनी खाली, नाल्यापलीकडच्या झाडाकडे. मी धुऱ्यावर, पिपा मांडीशी, मोबाईल हातात, एका कानात इअरफोन. एकाच कानात — दुसरा मोकळा होता. हे लिहायला मला सात वर्षं लागली बघ. मला ऐकू येत होतं.

बर्फातला माणूस गोठलेल्या तळ्यावरून चालत होता आणि बर्फ फुटला. तो पाण्यात पडला. कसाबसा बाहेर काढला त्याला, एका कपारीत नेला. कपडे भिजलेले, पट्टी तांबडी, आणि काड्या दोन. पहिली काडी पेटवली, वाऱ्याने विझली.

तेव्हा पहिली हाक आली. कूऽऽ.

ओळखली मी. वहिनीची हाक शेवटी जरा वर जाते. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? "आता काय हिचं!" एवढंच. कटकट वाटली. लहान मुलाने पदर ओढला की बाईला वाटते तशी. मी उत्तर दिलं नाही.

तू विचारशील, हात गुंतले होते का? हात गुंतले होते. तोंड कुठे गुंतलं होतं? एक कूऽऽ करायला हात लागत नाहीत. मी हे स्वतःला हजारदा विचारलंय, आणि दर वेळी तेच हाती लागतं — मी श्वास रोखून बसलो होतो. एका चित्रातल्या माणसाचा विस्तव विझू नये म्हणून.

दुसरी हाक आली. ही लांबवलेली होती. मी दुसरी काडी लावली. खेळात काडी धरायला वेळ लागतो, एक गोल हळूहळू भरत जातो. गोल अर्ध्यावर असताना तिसरी हाक आली. आता तिच्यात काळजी होती, चक्क ऐकू येत होती. ती विचारत होती — आहात ना जी? मी गोलाकडे पाहत राहिलो.

विस्तव पेटला. मी सुस्कारा सोडला. पट्टी तांबडीची पिवळी झाली. मला आनंद झाला रे — खरा आनंद.

आणि मग वहिनीची किंकाळी.

ती माझ्याकडे येत होती. रीतीप्रमाणे. टोपली झाडाखाली ठेवून, लवकर पोचावं म्हणून वाटेने न जाता नाल्याच्या झुडपांतून सरळ. माझं काहीतरी झालं असं तिला वाटलं. ती मला वाचवायला निघाली होती.

अजून एक राहिलं. हेही सांगतो, आता काय लपवायचं. किंकाळी ऐकल्यावर मी लगेच धावलो नाही. खेळ मधेच सोडला तर तो दिवस वाया जातो. नीट बंद करावा लागतो. मी तो नीट बंद केला. दोन बटणं. मग मोबाईल खिशात घातला, मग पिपा उचलला. किती वेळ गेला असेल? चार श्वास? पाच? नाल्यात पोचलो तेव्हा ती पालथी पडली होती आणि अस्वलीण तिच्या पाठीवर होती.

दवाखान्यात नेताना जीपमध्ये दादाने मला एकच विचारलं, "तिनं हाक देली होती का?" तिचं डोकं दादाच्या मांडीवर होतं, टॉवेल लाल झाला होता. मला सोपी थाप मारता आली असती. पलीकडच्या रुळांवरून मालगाडी जात होती, ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. ती गाडी रोज त्याच वेळी जाते. पण मग कोणीतरी विचारलं असतं, आयकू येत नव्हतं तं पिपा काऊन नाही वाजवला? मी म्हणालो, "नाही." एवढाच शब्द.

त्या एका शब्दाने वहिनीची चूक ठरली. हाक न देता उतरलीच कायले, असं बाया म्हणायला लागल्या. शेजारची शेवंताबाई म्हणाली, तिला हाकेसारखं काहीतरी ऐकू आलं होतं. मी लगेच म्हणालो, दुसऱ्या कोणाची असेल. नाव नसतं ना हाकेत. कोणाची हाक, कोण सांगणार?

वहिनी मात्र सांगत होती. शुद्धीवर आल्यापासून सांगत होती — मी हाक देली, उत्तर नाही आलं, म्हणून निघाली. लोक ऐकून घ्यायचे आणि एकमेकांकडे बघायचे. डोक्याला मार लागलाय, असं बघणं. दादा तिला गप्प करायचा. मी तिथेच बसलेलो असायचो.

तीनेक महिन्यांनी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सगळे रोपं लावायला बांधीत गेले होते. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती, एका डोळ्याने, सूप अगदी तोंडाजवळ धरून. मला म्हणाली, "भाऊजी, तुमीच सांगा जी आता. मी हाक देली होती ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. तिने मला मारलं नसतं, शिव्याही दिल्या नसत्या. आणि मी म्हणालो, "नाही वहिनी. मले तं नाही आयकू आली."

तिने सुपातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "मंग नसन देली. मलेच वाटून राहिलं असन." आणि थोड्या वेळाने — "माफ करजा भाऊजी. मी उगाच तुमचं नाव घेत होती लोकायपाशी."

तिने माझी माफी मागितली. मी म्हणालो, असू द्या.

डोळा अस्वलिणीने नेला. पण तिला जे पक्कं ठाऊक होतं, ते मी नेलं. त्यानंतर वहिनी बदलली. दार लावलं का, चूल विझवली का, मीठ टाकलं का — दहादा विचारते. टाकलेलं असतं. तिचा स्वतःवर विश्वासच राहिलेला नाही. आई वैतागते. मी सणाला गावी जातो, माझ्यासमोर ती भाजी चाखून दादाला विचारते, मीठ आहे ना जी? आणि मी जेवतो.

तो जुना मोबाईल माझ्याकडेच आहे. मी खेळ पुन्हा उघडला नाही, पण पुसलाही नाही. मोबाईल दुरुस्तीचा धंदा करतो मी. बॅटरी बदलली की तो चालू होईल. बर्फातला तो माणूस कपारीत विस्तवाजवळ बसलेला असेल. धडधाकट. बासष्टावा दिवस.

यंदा मोहाच्या दिवसांत गावी गेलो होतो. वहिनी आता जंगलात जात नाही. तिची मुलगी पिंकी यंदा पहिल्यांदा वेचायला निघाली. चौदा वर्षांची आहे, आवाज खणखणीत. वहिनीने तिला अंगणात उभं करून तीन-तीनदा हाक द्यायला लावली. मग शेजारच्या पोरींनाही बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्यासारखं नोका करू बापा. मी हाक द्याची विसरली, तं हे पाहा काय झालं." आणि पदर सरकवून तोंडाची ती बाजू दाखवली. पिंकीने माझ्याकडे पाहिलं, कारण त्या दिवशी धुऱ्यावर मी बसणार होतो. मी मान हलवली.

दादा काही वाचत नाही. वहिनीला अक्षरं लागत नाहीत. पण पिंकी हाती लागेल ते वाचते, आणि आईला वाचून दाखवते. हे लिहिलेलंही एक दिवस तिच्या हाती पडेल. म्हणून शेवटचं तिला वाचायला सोपं जावं असं लिहितो.

वहिनी, तुम्ही हाक दिली होती. तीनदा दिली होती. मी तिन्ही ऐकल्या.