तीन मुठी सोयाबीन

मानोऱ्याच्या आठवडी बाजारात कडुनिंबाखाली एकाच दुकानापुरती सावली पडते. ती मिळाली तर हिरालालचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, दुपारपर्यंत टवटवीत राहतो. नाही तर सुकलेल्या कोथिंबिरीला गायही तोंड लावत नाही. शेजारच्या मनकर्णाबाईंची मेथीही तशीच नाजूक. म्हणून दर बाजारी हिरालाल दगडावर नाणं गरगर फिरवायचा, छापा मागायचा आणि जिंकायचा. ही आपल्या आईची पुण्याई, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगे.

परवा मनकर्णाबाईंनी ते नाणं मागून घेतलं. एका कडेला झिजलेलं, जरासं वाकलेलं. त्यांनी फिरवलं, छापा आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा छापाच. हिरालालनं नाणं उचलून डोळ्यांजवळ धरलं. लोकांनी लबाड म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्याला वाटलं. आपण तर निव्वळ बावळट निघालो.

आता सावली ठरवायची कोणी? चहावाली शीला समोरच होती, पण ती पडली मनकर्णाबाईंची भाची. शेवटी तीच म्हणाली, "कोनाचाच भरोसा नाही ना? मंग आपन तिघंबी त्या पोत्यातलं सोयाबीन मुठीत घेऊ, अन् सारे दाने एकत्र करू. जोड्या लावून एक दाना उरला त सावली मावशीची, नाही उरला त हिरालालभाऊची."

इथंही हिरालालनं डोकं चालवलंच. मावशी शकुन मानणारी बाई, त्या शुभ म्हणून एकीच, विषम दाणेच, धरणार. शीला साखर घालते तीही दोन-दोन चमचे, ती बेकी धरणार. मग सगळ्या मिळून जोड्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून त्यानं पोत्याआड बोटानं चाचपून एकी घेतली. मावशीही पदराआड काहीतरी मोजतच होत्या. शीलानं मात्र गिऱ्हाइकाशी बोलता बोलता न बघता मूठ भरली, आणि तेवढ्यानं दोघांची हुशारी मातीत गेली. तिन्ही मुठी एकदम उघडल्या. जोड्या लावल्या. एक दाणा उरला.

हिरालाल जुड्या घेऊन उन्हात बसला. सांबार मान टाकू लागला तसा त्याचा जीव तुटायला लागला. इतकी वर्षं मावशी इथंच बसायच्या, आणि आपण सावलीतून त्यांना पुण्याईच्या गोष्टी ऐकवत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हसूही आलं.

"मावशी," तो म्हणाला, "नानं वाकडं होतं, अन् मी म्हनो माहं नशीब जोरात हाय."

मनकर्णाबाईंनी मेथी थोडी सरकवली.

"सांबारानं काय पाप केलं? तो ठेव इकडं सावलीत," त्या म्हणाल्या. "तू बस तिथंच."