बुडी कोणाच्या भरवशावर?

बोटीतून हॅवलॉक बेट (आता त्याचं नाव स्वराज द्वीप) दिसायला लागलं, तेव्हा आमचे हे कठड्याशी उभे राहून पाण्याकडे असे पाहत होते, जसं पाणी नाही, बाजारातला बैलच आहे आणि दात पाहायचे तेवढे बाकी आहेत. पाणी होतंही तसंच, नजर हटू न देणारं. किनाऱ्याजवळ पोपटी, मग निळं, आणि इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती.

"आपल्या इहिरीपरीस (विहिरीपेक्षा) सोपं दिसून राह्यलं," हे म्हणाले.

"इहिरीले काठ असते. इथं कुठी आहे?" मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

आम्ही वाशीमजवळच्या अनसिंगचे. ह्यांची शेती, सोयाबीन आणि तूर. माझं साड्यांचं दुकान. लेकीनं हौसेनं अंदमानची तिकिटं काढून दिली आणि ह्यांनी गावभर सांगून टाकलं, "समुद्राच्या तळाले जाऊन येतो!" त्यांचा तो हक्कच म्हणा ना. गावात कोणाचा पोहरा पडो की पंपाचा पाइप निसटो, लोक ह्यांनाच बोलावतात. छाती भरून दम (श्वास) घ्यायचा, कोंडून धरायचा, तळाला जाऊन वस्तू काढायची आणि मगच वर येऊन सोडायचा. माणसं काठावरून वाहवा करतात. मला पोहता येत नाही. मी पदर दातात धरून उभी असते, लग्न झाल्यापासून.

हॉटेलात पिशवी उघडली तर ठेच्याची बाटली फुटून ह्यांची नवीकोरी अर्धी चड्डी लालभडक झालेली. पोहायचा सगळा थाट धुऊन दोरीवर टांगावा लागला. जेवायला भात आणि खोबऱ्याच्या वाटणातलं वरण मिळालं. चवीला बरं होतं, पण ठेचा गेल्याचं दुःख ह्यांच्या तोंडावर संध्याकाळपर्यंत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या रस्त्याला लागलो. एका रांगेत बुडी मारून आणणाऱ्यांची दुकानं, बाहेर हवेच्या टाक्या उभ्या, रबरी कपडे वाळत घातलेले. आम्ही बोलत चाललो होतो, तेवढ्यात एका दुकानातून आवाज आला, "काहो भाऊ, कुठले तुमी?"

झालं! तो निघाला अकोल्याचा. समुद्रापार आपली बोली ऐकली आणि ह्यांना सख्खा भाऊ भेटल्यागत झालं. चहा आला. पीकपाण्याच्या गोष्टी झाल्या. त्याच्या मामाची सोयरीक आमच्याकडच्याच केनवडला निघाली, मग तर बोलायलाच नको. त्यानं विचारलं, "पवता येते ना?" ह्यांनी विहिरीची कथा सांगितली. "मंग तुमाले काय शिकवायचं भाऊ! सरळ खोल नेतो. मी हात धरतो, तुमी फक्त मासे पाहा." ह्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मी दुकानदारीण आहे. गिऱ्हाइकाला काय शोभेल, काय झेपेल, हे न विचारताच जो साडी उलगडतो, त्याला माल खपवायचा असतो. ह्या माणसानं आमचं गाव विचारलं, गोत विचारलं, पण ह्यांची तब्येत विचारली नाही.

"अजून एक दुकान पाहू," मी म्हटलं.

"काहून? आपला माणूस हाय तो!"

"पाहायले काय जाते?"

रांगेच्या टोकाला सेल्वी नावाची बाई होती. तमिळ घरातली, बेटांवरच वाढलेली, उन्हानं रापलेली. चहा नाही, हसणं नाही. हिंदीतून प्रश्नांची सरबत्तीच सुरू केली. दमा आहे का? रक्तदाब? सर्दी? कान दुखतो? काल दारू घेतली? हे वैतागले. "ही का नवरदेव पाहायले आली?" ती म्हणाली, आधी छातीभर पाण्यात शिकायचं, जमलं तर खोल, नाही तर परत. "नाही तर परत" म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहत होते. मी तिथंच ठाण मांडलं. हे तणतणत तयार झाले.

सराव सुरू झाला. तोंडात नळी, पाठीवर टाकी, गुडघ्यावर बसून डोकं पाण्याखाली. बाकीच्यांच्या डोक्यावर बुडबुड्यांच्या माळा लागल्या. ह्यांच्या डोक्यावर एक बुडबुडा नाही! सेल्वीनं ह्यांना वर काढलं. "साँस मत रोको." पुन्हा खाली, पुन्हा तेच. पाणी नाकाशी आलं की ह्यांची छाती आपोआप कुलूप लावायची. उभा जन्म तेच तर केलं होतं.

सेल्वीनं मला आणि ह्यांना किनाऱ्यावर बसवून समजावलं. विहिरीत तुम्ही वरची हवा घेऊन जाता; वर येता तेव्हा ती तेवढीच असते. इथे खाली दाबातली हवा घेता; वर येताना ती फुगते. दम कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटतं. माणूस जातो. पोहणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते, असंही ती म्हणाली. आज तुम्हाला नेणार नाही.

ह्यांचा पारा चढला. "मले पाणी शिकवते?" टॉवेल खांद्यावर टाकला आणि तरातरा निघाले अकोलेकराकडे. मी मागे पळाले. तो दारातच होता. "या भाऊ! आत्ता बोट सुटून राह्यली."

मी मधे उभी राहिले. भर रस्त्यात. कधी नव्हे ते रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

"इहिरीच्या काठावर जन्मभर उभी राह्यली, एक शब्द बोलली नाई. आज बोलून राह्यली. मले तुमच्याबिगर घरी जायचं नाई!"

"लोकं पाहून राह्यले वं."

"पाहू द्या!"

ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर घेतला. मग अकोलेकराला हात जोडले. "भाऊ, माफ करजा. शब्द देल्ला होता, पण मोडतो." तो बिचारा हसला. "बायकोपुढं कोनाचं चालते, भाऊ!"

दुसऱ्या सकाळी सेल्वीनं विचारलं, "गाना आता है?" हे गावच्या भजनी मंडळातले. ती म्हणाली, मग नळी तोंडात धरून गुणगुणत राहा. गाणारा माणूस दम कोंडू शकत नाही. काय सांगू, पाण्याखालून अभंग सुरू झाला आणि ह्यांच्या डोक्यावर बुडबुडे नाचायला लागले! सेल्वी पहिल्यांदा हसली. पुन्हा पुन्हा करून घेतलं आणि मगच बोट काढली.

मी बोटीत बसून पाण्यावरचे बुडबुडे पाहत होते. एकदा ते दिसेनासे झाले. मी बोटवाल्याचा हातच धरला. त्यानं शांतपणे दुसरी बाजू दाखवली. ते बोटीखालून पलीकडे गेले होते. माझा जीव भांड्यात पडला.

हे वर आले ते ओरडतच. "अवं, खाली मासे मानसाले भेतच नाईत!" निळे, पिवळे, वाघासारखे पट्टेवाले, सगळं सांगून झालं. दुपारी भात कालवताना मात्र हळूच म्हणाले, "वर येतानी एकडाव दम कोंडलाच गेला. ध्यानातच नाई आलं. ती समोरच होती. तिनं मले तिथंच धरलं आन् पोटात बोट खुपसलं, दम सोडेलोक (सोडेपर्यंत) वर येऊ देल्लं नाई."

मी हातातला घास खाली ठेवला. अकोलेकर काही वाईट माणूस नव्हता. पण त्या वेळी त्याचं लक्ष माशांकडे राहिलं असतं.

परतीला विमानानं नागपूर आणि तिथून दुपारची एसटी. खिडकीबाहेर काळी जमीन सुरू झाली तशी मनातली धाकधूक निवली. आपल्या बोलीचा माणूस परमुलखात भेटला तर चहा जरूर प्यावा. जीव मात्र नाही म्हणू शकणाऱ्याच्या हाती द्यावा, एवढं मी शिकले.

कारंजा सोडलं आणि हे घोरायला लागले. असे की अख्खी गाडी वळून पाहायला लागली. पुढच्या सीटवरचे म्हातारबा म्हणाले, "बाई, हालवा ना यायले (ह्यांना) जराकसं."

एरवी मीच कोपर मारते. "राहू द्या बाबाजी," मी म्हटलं, "घेऊ द्या त्याईले दम."

आत, बाहेर. आत, बाहेर. वाशीम येईपर्यंत मी ऐकत बसले.