बिराप्पाच्या पिकअपचे पाटे

बिराप्पाची पिकअप माझ्या गॅरेजात परत आली होती आणि मी त्याच्या बायकोला पटवून देत होतो की मी ब्रेकला हातही लावलेला नाही.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं सस्पेन्शनचं काम चालतं. बिराप्पा आणि ताराबाई मंगळवेढ्याकडचे, मेंढरं पाळणारे. आठवड्यापूर्वी त्यांची तक्रार होती की मेंढरं भरली की गाडी मागून बसते. मागच्या अ‍ॅक्सलवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. मी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला. गाडी मागून उचलली गेली, बिराप्पा खूश होऊन गेला.

आता ताराबाई सांगत होत्या की ब्रेक मारला की मेंढरं केबिनवर येऊन पडतात, आणि गाडी थांबायला वेळ लावते. मी म्हटलं, पाटे नवे आहेत, बसतील हळूहळू.

"आमी भांडायला न्हाय आलो," त्या म्हणाल्या. "मेंढरं भरलेलीच हायती. तुमी एकदा चालवून बगा की."

नाइलाजाने निघालो. मंगळवेढा रोडला मोकळा पट्टा बघून एका बाभळीपाशी थांबायचं ठरवलं आणि ब्रेक दाबला. गाडीचं तोंड खाली गेलं, मागची चाकं ब्रेक न लागता नुसती फिरत राहिल्यासारखी वाटली. थांबलो तेव्हा बाभूळ बरीच मागे राहिली होती. समोर कुणी असतं तर, हा विचार आला आणि परतीला गाडी अगदी सावकाश आणली.

गॅरेजात येऊन गाडीखाली शिरलो. या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलपासून एक दांडी वर एका व्हॉल्व्हला जाते. वजन पडलं, बॉडी खाली बसली, की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. गाडी रिकामी असली तर कमी देतो, म्हणजे चाकं घसरत नाहीत. मी बॉडीच उचलून ठेवली होती. आत मेंढरं खच्चून भरलेली, आणि व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी रिकामी.

कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन करून माप विचारलं, दांडी नव्याने सेट केली. पुन्हा त्याच रस्त्याला गेलो. या खेपेला बाभळीच्या अलीकडेच थांबलो. बिराप्पाला हेही सांगितलं की पाटा वाढवला म्हणून गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही.

"व्हय, मग चार मेंढरं कमी नेऊ," तो म्हणाला.

ताराबाईंना मी हात जोडले. त्या संकोचल्या. मला मात्र दुसरीच धास्ती लागली होती. त्याच महिन्यात मी आणखी तीन गाड्यांना असे पाटे घातले होते. लगेच फोन लावले. दोन गाड्या संध्याकाळपर्यंत आल्या. तिसरी करकंबला ऊस-रोपांचे ट्रे भरून उभी होती. तिच्या ड्रायव्हरला जागेवरच थांबवलं आणि पाने घेऊन मीच तिकडे गेलो. तिन्ही ठिकाणी तोच दोष निघाला. कुणाला काही होण्याआधी तो सापडला, ते केवळ ताराबाई परत आल्या म्हणून.

हल्ली पाटे वाढवले की आधी दांडी बघतो, मग भरल्या गाडीत बसून ब्रेक मारतो. आणि तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खुर्ची देतो. माझं शहाणपण नंतर.