जोडीनं आणलेले मासे

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची लाज किती मोठी ते कळेल. काही मासे घोळक्यानंच जगतात, सहाच्या खाली गेले की बावरतात नाहीतर चिडतात, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. आणि तरी वाशीमच्या दुकानातून घरच्या फिशटँकसाठी मासे आणले ते जोडीनं. दोन एंजल, दोन झेब्रा आणि अंगावर काळे पट्टे असलेले दोन टायगर बार्ब.

दुकानात मला दुसरं काही सुचलंच नाही. आमच्याकडे शुभ म्हणजे जोडी. पूजेला जोडीनं बसायचं, नव्या घरात जोडीनं जेवायला बोलवायचं, आहेरही जोडीच्याच हातात द्यायचा. मग मासे तेवढे सुटे कशाला? जीवशास्त्र वर्गात राहिलं आणि दुकानात गेला तो आमच्या घरातला माणूस.

टँक ताईसाठी आणला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ताई माझी मोठी बहीण. गेल्या वर्षी भाऊजी वारले, मूलबाळ नाही, म्हणून मी तिला आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून आमच्याकडे आणलं. आता कायमची इथेच राहा म्हणालो. दुपारी ती टँकसमोर लसूण सोलत बसायची. पहिली तक्रारही तिचीच.

"अरे, हा मोठा पट्टेवाला त्या लहान्याले खाऊच देऊन नाही राह्यला. दिवसभर त्याच्याच मागं लागते."

"होते सवय," मी म्हणालो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. घोळका असला की या माशांची आपसांतली दादागिरी सगळ्यांत वाटली जाते. दोघंच असले की सगळी एकाच्या वाट्याला येते. लहाना फिल्टरच्या नळीमागे लपायला लागला आणि एका सकाळी तळाशी आडवा दिसला. उरलेल्यानं आधी एंजलची शेपूट कुरतडली, मग तेही सोडून कोपऱ्यात काचेकडे तोंड करून थांबला. ताई त्याच्याशी बोलायची. "काहून रे, गमत नाही का तुले एकट्याले?"

त्याच आठवड्यात माझे एक सहकारी बायकोला घेऊन गृहप्रवेशाचं आमंत्रण द्यायला आले. टँक पाहून त्यांनी विचारलं, "सर, हा एकटाच काहून?"

पाहुण्यांसमोर माझा आवाज जरा चढतोच. "जोडी फुटली त्याची. एकटा जीव घरात बरा नाही दिसत. उद्या देऊन टाकतो कोनाले तरी."

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, कप सरळ केले आणि आत गेली. मी तिचा चेहरा पाहिला होता, त्यामुळे तिनं ऐकलं की नाही अशी शंका घ्यायचीही मला सोय नाही. सहकाऱ्यांच्या बायकोनं माझ्या बायकोला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "जोडीनं या बरं." ताईही आहे आमच्याकडे, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी बशीतला चिवडा खात बसलो.

सकाळी ताईची पिशवी भरलेली होती. "मालेगावची गाडी किती वाजता हाय?"

"काहून?"

"घर बंद हाय कवाचं. उंदरं लागले असतीन."

ना रुसवा, ना रडणं. मी तिला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. थांब म्हणालो नाही. उलट परत येताना मला हलकं वाटलं. हे लिहायचीही लाज वाटते, पण वाटलं खरं.

दुपारी मी दुकानात जाऊन आणखी सात टायगर बार्ब आणले. कोपऱ्यातला तो संध्याकाळपर्यंत त्यांच्यात असा मिसळला की जुना कोणता, नवा कोणता ओळखू येईना. मी खूश होऊन बायकोला हाक मारली. तिनं पाहिलं. "माशाचं बरं कळते तुमाले," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी एकटाच टँकसमोर उभा राहिलो.

रविवारी मालेगाव गाठलं. ताईच्या अंगणात शेजारच्या बाया पापड लाटत होत्या आणि ताई मोठ्यानं हसत होती. ते हसणं आमच्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. मला पाहताच हसू आवरून ती उठली आणि पाहुण्याला द्यावा तसा पाण्याचा तांब्या घेऊन आली. मग चहा ठेवायला आत गेली. मीही मागोमाग गेलो. माफीचं बोलणं वाटेत जुळवून ठेवलं होतं. "ताई, त्या दिवशी मी..."

"राहू दे ना बापा," ती पातेल्याकडे पाहत म्हणाली. "चाल म्हनशील तं मले नाही म्हनता येनार नाही. भाऊ हायेस माहा. म्हनून तू म्हनूच नोको."

चहा वर आला, तिनं गॅस बारीक केला. मी चहा प्यायलो, बायांनी भाजून दिलेला पापड खाल्ला आणि निघालो. चाल, असं मी तिला म्हटलं नाही. तिनं नको सांगितलं म्हणून नव्हे. वाशीमपासून रस्ताभर जुळवलेल्या माझ्या त्या माफीत तो शब्द मी घातलाच नव्हता.