टाकलेला पगार

मनोरमा सावर्डेकर तशी भांडकुदळ नव्हे. विरारच्या फुलपाड्यात तिच्या मजल्यावर पाण्यावरून रोज जुंपते, पण ती आपला हंडा भरते आणि दार लावून घेते. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं बसवून ते खोक्यात भरायचं तिचं काम. तिथेही तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. अशा बाईचं डोकं फिरवायचं म्हणजे माणूस किती नालायक असावा लागतो, ते आता तुम्हीच बघा.

त्या गाळ्यात पगाराची एक रीत होती. महिना संपला की हिशेब बघणारा जितेश कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पाठवायचा. फोटोत बारीक इंग्रजी आणि शेजारी ठसठशीत हिरवी बरोबरची खूण. खाली जितेशचे दोन शब्द, 'पगार टाकलाय'. झालं! सगळ्या बाया हात जोडल्याची चित्रं पाठवून मोकळ्या. पैसे यायचे कधी तीन दिवसांनी, कधी आठवड्यानं. विचारायला गेलं की शेठ हात वर करायचे. "मी टाकलाय. बँकेतून यायला वेळ लागतो, त्याला मी काय करू?"

आणि बायांना ते पटायचं हो! पगार टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी पेटीत पत्र टाकण्यासारखं. टाकणाऱ्यानं टाकलं, पुढचं पोस्टमनच्या हातात. मग शिव्या बँकेला. "मेले आपल्या पैशांवर बसून व्याज खातात," हे मनोरमानं स्वतःच कितीदा सांगितलं असेल.

या खेपेला मात्र तिला थांबायची सोय नव्हती. तिचा नवरा श्रीरंग हर्नियाच्या ऑपरेशनसाठी विरारच्या एका नर्सिंग होममध्ये होता. सोमवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, टाके छान आहेत, घरी जा. पण उरलेलं बिल भरल्याशिवाय सोडणार कोण? आणि माणूस बरा असो की आजारी, खाट अडवली की खाटेचे पैसे चढणारच. त्याच सकाळी ग्रुपवर हिरवी खूण आली. मनोरमानं श्रीरंगला सांगितलं, "कपडे करून बसा, पगार टाकलाय." तो बिचारा कपडे करून बसला. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मनोरमा अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट बँकेत जाऊन धडकली.

"आमच्या घामाचे पैसे दाबून ठेवायला लाज नाही वाटत तुम्हाला?" तिनं काउंटरवरच सुरू केलं. रांगेतली माणसं बघायला लागली. आतून आग्नेसबाई उठून आल्या. वसईतल्याच, पिकल्या केसांच्या अधिकारी.

"बाय, आधी बसा. पाणी घ्या."

"पाणी नको, पैसे द्या."

आग्नेसबाईंनी पासबुक घेतलं, कॉम्प्युटरवर पाहिलं. "तुमच्या खात्यात काही आलेलंच नाही."

"कसं नाही? टाकलाय ना! हा बघा फोटो."

आग्नेसबाईंनी चष्मा सारखा करून फोटो वाचला. मग पुन्हा वाचला. "बाय, ही खूण पगाराची नाही. पगाराची फाइल नीट चढली, त्याची आहे. खालची ओळ वाचते, ऐका. मंजुरी बाकी. म्हणजे फाइल नुसती नेऊन ठेवलीय, मालकानं अजून हो म्हटलेलं नाही. त्यांच्या मोबाइलवर नंबर येतो, तो घातला की पैसे निघतात."

"आणि निघाल्यावर किती दिवस?"

"दिवस कसले? कधी लगेच, कधी तासा-दोन तासांत. सुट्टी असली तरी. नाहीच पोचले तर मागे जातात. मध्ये कुठे मुक्कामाला राहत नाहीत."

मनोरमाच्या कानशिलातून जाळ निघाला. आजवर तिनं काय काय सोसलं होतं! गणपतीला गावी जायची तिकिटं परत केली होती. पोरीच्या क्लासात फी थकली म्हणून खाली मान घालून उभी राहिली होती. वाण्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, अहो, बँकेत अडकलेत. आणि बँकेत कधी पोचलेच नव्हते! मोबाइलवर चार आकडे दाबायचे तेवढे हा बाबा दाबत नव्हता, आणि वर तोंड करून बँकेचं नाव सांगत होता. आग्नेसबाईंना तिनं हात जोडले, बोलल्याबद्दल माफी मागितली आणि रिक्षा करून गाळ्यावर आली.

शेठ काचेच्या केबिनमध्ये चहा घेत होते. समोर जितेश. मनोरमा चपला न काढता आत शिरली आणि दार सताड उघडं ठेवलं.

"शेठ, तो नंबर घाला."

"कसला नंबर?"

"मंजुरीचा. फाइल चढवून ठेवलीय ना सोमवारपासून? तिला हो म्हणा."

जितेशनं मान कॉम्प्युटरमध्ये घातली. शेठनं कप खाली ठेवला. "अगं, पार्टीचं पेमेंट अडकलंय. मी काय पळून चाललोय? टाकलाय म्हणजे देणारच ना."

"पार्टी तुमची उशीर करणार, आणि खाटेवर नवरा माझा अडकणार? अरे वा रे वा! टाकत नव्हतात शेठ, टाळत होतात!"

"हळू बोल. बाहेर ऐकू जातंय."

"ऐकू देत की! त्यासाठीच बोलतेय."

बाहेर झाकणं बसवण्याचा आवाज थांबला होता. एकेक करून बाया दाराशी आल्या. शेठनं आवाज खाली आणला. "बरं, नवरा दवाखान्यात आहे ना तुझा? तुझ्या एकटीचा आत्ता वेगळा करतो. जा, गुपचूप घेऊन जा."

खोटं कशाला सांगू, मनोरमाला मोह झाला. श्रीरंग तिथे पिशवी भरून बसला होता. पण दारात उभ्या बायांकडे तिनं पाहिलं आणि तिचं डोकं आणखीच फिरलं.

"फाइल एकच आहे ना? मग एकदाच हो म्हणा. सगळ्यांची होईल."

कुणी हललं नाही. शेठनं बायांकडे पाहिलं, मग मोबाइल उचलला आणि नंबर घातला. कपातल्या चहावर साय धरली तोवर एकीच्या ओच्यात फोन वाजला. मग दुसरीचा, मग भिंतीला टांगलेल्या पिशव्यांमध्ये चारपाच एकदम. एरवी पगार आला की गाळ्यात हसणं-खिदळणं असायचं. त्या दिवशी एकही बाई हसली नाही. आजवर आपल्याला कसं वेड्यात काढलं, ते प्रत्येकीला त्या आवाजातून कळत होतं.

नर्सिंग होममध्ये श्रीरंग मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. "सोडले का गं बँकेनं?" त्यानं विचारलं. मनोरमानं सगळं सांगितलं. तो गरीब स्वभावाचा माणूस. म्हणाला, "जाऊ दे. मिळाले ना? उद्या तिथेच कामाला जायचंय तुला."

"जाऊ दे म्हणू नका!" ती एवढ्यानं ओरडली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "तुम्ही-आम्ही जाऊ दे म्हणतो, त्यावरच त्याचा गाळा चालतो!"

ती तरातरा बिलाच्या खिडकीशी गेली. तिथे ॲनिशा नावाची पोरगी बसते, तिनं बिल पुढे केलं. डॉक्टरांनी जा म्हटल्यानंतरचे दोन दिवस खाटेचे म्हणून त्यात लावलेले होते.

"हे दोन दिवस वेगळे काढ. त्यांची पावती वेगळी फाड."

"वेगळी? कुणाच्या नावानं, काकी?"

मनोरमानं शेठचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. ॲनिशाला हसू आवरेना. "काकी, पेशंट कोण आणि पावती कुणाची!"

"हसू नको, पोरी. लिही. उद्या सकाळी वसूल करायचेत."